मोटारसायकलची चाकं बनवायची असतील तर आधी लेथ ठरवा

कस्टम चाकांसाठी मशीन घ्यायचं ठरलं की बहुतेक जण सरळ व्हीएमसीची, म्हणजे उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मिलिंग मशीनची, माहितीपत्रकं उघडून बसतात. डोळ्यांत भरतात ते स्पोक, आणि स्पोक कापायचं काम व्हीएमसीचं, त्यामुळे मन तिकडे धावणं साहजिक आहे. पण टायर ज्या बैठकीवर बसतो ती बैठक आणि बेअरिंगची बोअर (बेअरिंग बसतं ते गोल भोक) एका अक्षावर नसतील, तर स्पोक कितीही देखणे असले तरी चाक वाया गेलं. हे लेथवर ठरतं. म्हणून माझा क्रम पक्का आहे: आधी लेथ, मग व्हीएमसी आणि त्याच्याबरोबर चौथा अक्ष, म्हणजे जॉब फिरवणारं रोटरी टेबल. पाचवा अक्ष सगळ्यांत शेवटी, तोही डिझाइनने भाग पाडलं तरच.

मशीन बघायला जायच्या आधी दोन चाकं कागदावर उतरवा: तुम्ही बनवणार त्यातलं सर्वांत मोठ्या व्यासाचं आणि सर्वांत रुंद. बहुधा ही दोन वेगळी निघतात, कारण मोठा व्यास पुढच्या चाकाला असतो आणि रुंदी मागच्याला. आता ‘१७ इंची’ म्हणजे ४३१.८ मिमी असं समजून पुढे जाऊ नका. ते माप टायरच्या बैठकीचं, आणि तेही नावापुरतं. नेमका आकडा रिमच्या प्रमाणकातून घ्यायचा. त्या बैठकीच्या वर रिमची कड उभी राहते, एमटी प्रकारात साधारण १४ मिमी. दोन्ही बाजू धरून व्यास जवळपास ४६० मिमी होतो. याच हिशेबाने २१ इंची चाक ५६१ च्या आसपास, २३ इंची ६१२, २६ इंची ६८८ आणि ३० इंची ७९० पर्यंत जातं. रुंदीचंही तसंच. ५.५ इंच म्हणजे १३९.७ मिमी हे दोन कडांमधलं आतलं अंतर. कडांची जाडी धरली की बाहेरून १६५ मिमी मोजायचे, आणि हब त्याहून बाहेर डोकावत असेल तर आणखी.

मशीनचा आकार ठरवणारी दुसरी गोष्ट म्हणजे माल कोणत्या रूपात येणार. सरळ गोल चकती घेतली, ४७० व्यासाची आणि १६५ जाडीची, तर ६०६१ या ॲल्युमिनियम मिश्रधातूची घनता २.७० धरून तिचं वजन ७७ किलो भरतं. त्यातून चाक उरणार सात-आठ किलोचं. म्हणजे जवळपास ७० किलो धातू, २६ लिटर घन ॲल्युमिनियम, कीस होऊन बाहेर पडणार. आकाराच्या जवळ जाणारं फोर्जिंग (दाबून घडवलेला माल) मिळालं तर हाच ब्लँक, म्हणजे कापायचा कच्चा तुकडा, निम्म्याहून हलका येतो, धातूचे तंतू रिमच्या आकाराबरोबर वळलेले असतात आणि मशीनचे तास वाचतात. प्लेटमधून कापायचंच असेल तर ६०६१-टी६५१ मागा. त्यातलं ‘५१’ म्हणजे उष्णता प्रक्रियेनंतर प्लेट ताणून आतला ताण काढलेला आहे. फोर्जिंगमध्ये हेच काम दाबून केलेलं असेल तर टी६५२ लिहिलेलं असतं. ताण न काढलेल्या मालाचं काय होतं ते पुढे येईलच.

तिसरा मार्ग आहे तो फक्त मधला भाग, म्हणजे सेंटर, कापून तयार रिमला बोल्टने जोडण्याचा. सुरुवात करणाऱ्याला मी हाच सुचवेन. लेथचा आकार एकदम खाली येतो आणि एक मध्यम व्हीएमसी पुरतं. सेंटर रिमला वेल्ड करायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा की टी६ ची ताकद उष्णता प्रक्रियेतून आलेली असते आणि वेल्डच्या शेजारच्या पट्ट्यात ती बरीच उतरते. ते गृहीत धरून जाडी ठरवावी लागते.

लेथ

लेथच्या माहितीपत्रकात ‘स्विंग’ म्हणून एक मोठा आकडा छापलेला असतो. तो बेडवरून फिरू शकणारा व्यास. तुम्हाला हवा आहे तो जास्तीत जास्त टर्निंग व्यास, म्हणजे टरेटवरचं (टूल धरणाऱ्या फिरत्या डोक्यावरचं) टूल कितीपर्यंत मागे सरकून कापू शकतं तो. दोन्हींत शे-दोनशे मिलिमीटरचा फरक सहज असतो. ६०० स्विंगच्या लेथवर ४६० चं चाक फिरेल, पण त्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत टूल पोचेलच असं नाही. विक्रेत्याकडून टरेटची इंटरफिअरन्स ड्रॉइंग मागून घ्या आणि त्यावर तुमच्या चाकाचा छेद त्याच प्रमाणात काढून बघा. रिमच्या आत बोरिंग बार गेला की टरेटवरचं शेजारचं टूल रिमच्या कडेला आदळतं, हा या कामातला ठरलेला घोटाळा आहे. शेजारची दोन स्टेशनं मोकळी ठेवावी लागतात. त्यामुळे आठ स्टेशनचा टरेट प्रत्यक्षात चार-पाचांचाच उरतो, बाराचा घ्या.

बारची लांबी हा लगेचचा प्रश्न. स्टीलचा बार व्यासाच्या चौपट बाहेर निघेपर्यंत निमूट चालतो, पुढे किरकिरायला लागतो. रिमच्या आत १६० मिमी खोल जायचं तर ४० मिमीचा बार हवा, म्हणजे टरेटचा बोरिंग होल्डर ४० चा बार घेतो का हे विचारून घ्यायला हवं. रिमच्या बाहेरच्या खोलगट घेरासाठी गोल इन्सर्ट (टूलवरची बदलता येणारी कापणारी टीप) किंवा ३५ अंशांचा व्ही इन्सर्ट लागतो. दोन्ही पॉलिश केलेले, बिनकोटिंगचे किंवा डीएलसी (हिऱ्यासारख्या कार्बनच्या) कोटिंगचे घ्या. टायटॅनियम-ॲल्युमिनियम नायट्राइडचं कोटिंग ॲल्युमिनियमला चिकटवून घेतं, धारेवर थर साचतो आणि पृष्ठभाग फाटल्यासारखा येतो.

आडवं लेथ की उभं, म्हणजे व्हीटीएल? १८-१९ इंचांपर्यंत आडवं चालतं आणि त्यात चिप्स (कापलेला कीस) आपोआप खाली पडतात, हा मोठा फायदा. २१ च्या पुढे मी व्हीटीएलकडेच झुकतो. जड ब्लँक स्वतःच्या वजनाने फिक्स्चरवर सपाट बसतो, दोन हातांनी धरून जॉ (चकचे पकडणारे जबडे) आवळायची कसरत राहत नाही, आणि जॉऐवजी वरून क्लॅम्प लावणं सोपं जातं. ३० इंची, ११० जाडीचा ब्लँक दीडशे किलोच्या घरात जातो. तो आडव्या चकला लावताना वाकडा बसला तर कळतही नाही. व्हीटीएलचा तोटा म्हणजे रिमच्या वाटीत चिप्स साठतात आणि इन्सर्ट त्याच पुन्हा पुन्हा चावतो. त्यामुळे टूलमधून कुलंट येणारे होल्डर आणि जोरकस पंप हवाच.

वेगाचं गणित सोपं आहे, पण मशीन निवडताना ते उलटं केलं जातं. जास्त आरपीएमच्या मागे लागू नका. ४६० व्यासावर ६०० मीटर प्रति मिनिट वेग हवा तर स्पिंडल फक्त ४१५ आरपीएमने फिरतो. खोली ४ मिमी, फीड ०.४ मिमी धरली तर मिनिटाला ९६० घन सेंमी धातू निघतो आणि त्याला साधारण १३ किलोवॅट लागतात. म्हणजे कमी वेगातही पूर्ण ताकद देणारा स्पिंडल हवा, ४००० आरपीएमचा नको. उलट जी९६, म्हणजे कापण्याचा वेग कायम ठेवणारी आज्ञा, लावून टूल हबकडे गेलं की ४७ मिमीच्या बोअरवर कंट्रोल ४००० च्या वर आरपीएम मागतो. एवढ्या मोठ्या चकवर ते जिवावर बेतणारं आहे. वेग दुप्पट झाला की जॉवरचं केंद्रोत्सारी बल चौपट होतं आणि पकड तेवढी सुटत जाते. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला जी५० एस७०० असा वरचा बांध घातल्याशिवाय हे काम चालवायचंच नाही. काही कंट्रोलवर त्याच कामाला जी९२ असतो. स्पोक कापून झालेलं चाक परत लेथवर येतं तेव्हा असमतोलामुळे हा बांध आणखी खाली आणावा लागतो.

आता पकड. तीन जॉच्या चकमध्ये रिम बाहेरून आवळून बैठक फिनिश केली, तर मशीनवर सगळं छान दिसतं. डायल (सुईने बारीक फरक दाखवणारं मोजमापाचं साधन) लावून चाक हाताने फिरवा, सुई ०.०१ मिमीच्या आत राहते. मग जॉ सोडा, चाक काढा, बेअरिंगच्या बोअरमध्ये मँड्रेल (नेमक्या मापाचा दांडा) घालून तीच बैठक पुन्हा तपासा. एका फेरीत सुई तीनदा चढते आणि तीनदा उतरते, आणि चढ नेमके जॉ होते तिथेच सापडतात. आवळलेली रिम तीन ठिकाणी आत दबली होती, तशीच ती गोल कापली गेली. सोडल्यावर दबलेला भाग परत बाहेर आला. इथे दोष मशीनच्या अचूकतेत नाही, धरण्याच्या पद्धतीत आहे. रफिंगला जवळपास पूर्ण घेर पकडणारे रुंद सॉफ्ट जॉ (जॉबच्या मापाला कापून घेतलेले) किंवा सहा जॉचा चक वापरा. फिनिशला रिमला हातच लावू नका. हबच्या तोंडावर टेकवून, मधून बोल्टने धरा. लेथ बघताना त्याच्या फेसप्लेटवर किंवा चकवर असं फिक्स्चर बसवता येईल का, आणि स्पिंडलचं नाक ए२-८ आहे की ए२-११, हे त्यासाठीच विचारायचं.

कामाचा क्रम

मालातला ताण इथे हिशेबात येतो. अखंड ब्लँकमध्ये ताण एकमेकांना धरून बसलेले असतात. स्पोकच्या मधले खिसे कापून काढले की ते मोकळे होतात आणि रिम लंबगोल होते, कधी एका बाजूला झुकते. आधी लेथवर सगळं अचूक करून मग व्हीएमसीवर नेलेलं चाक म्हणूनच वाकडं निघतं, आणि दोष व्हीएमसीच्या माथी मारला जातो.

चालणारा क्रम असा. लेथवर पहिली बाजू रफ करायची, त्याच सेटिंगमध्ये बोअर आणि एक सपाट तोंड असं फिनिश करायचं की पुढे त्यावरच चाक बसेल. उलटवून दुसरी बाजू आणि बाहेरचा घेर रफ करायचा. बैठकीवर आणि बेअरिंगच्या बोअरमध्ये बाजूला १ ते १.५ मिमी ठेवायचे. मग व्हीएमसीवर दोन्ही बाजूंनी स्पोक, ब्रेक डिस्कच्या बोल्टची भोकं, मागच्या चाकाला स्प्रॉकेटच्या बाजूची कामं आणि व्हॉल्व्हचं भोक. यानंतर चाक क्लॅम्पमधून पूर्ण सोडून थोडा वेळ तसंच राहू द्यायचं, आणि परत लेथवर आणून दोन्ही बैठकी, एका बेअरिंगचं बोअर आणि डिस्कचं तोंड एकाच पकडीत फिनिश करायचं. दुसरं बोअर राहतं ते पहिल्या बोअरमध्ये प्लग बसवून, डायल लावून.

म्हणजे एका चाकासाठी लेथवर किमान चार पकडी. लेथचं काम बाहेर देऊन फक्त व्हीएमसी घ्यायचा विचार असेल तर हे चाक दोनदा बाहेर जाणार, आणि शेवटची, सगळ्यांत नाजूक पकड दुसऱ्याच्या हातात असणार. सुरुवातीला चालेल, पण त्या शेवटच्या पकडीचं फिक्स्चर तुमचं स्वतःचं असू द्या.

सगळं एकाच मशीनवर व्हावं म्हणून लाइव्ह टूलिंगचं मोठं टर्न-मिल (फिरत्या टूलनी मिलिंगही करणारं लेथ) घेण्याचा मोह होतो. पकडी वाचतात हे खरं. पण लाइव्ह टूलचे स्पिंडल बहुधा ४ ते ६ हजार आरपीएमचे आणि कमी ताकदीचे असतात, आणि स्पोकच्या कामाला तासन् तास जातात. तेवढा वेळ लेथचा महागडा स्पिंडल नुसता जॉब धरून बसतो. एखाद-दुसरं चाक करायचं असेल तर ठीक, रोजच्या कामाला दोन वेगळी मशीनं बरी.

व्हीएमसी

इथे पहिला अडथळा वाय प्रवास. बाहेरचा घेर लेथवर होत असल्याने व्हीएमसीला पूर्ण व्यास फिरावा लागत नाही, फक्त रिमच्या आतला भाग फिरावा लागतो. १७ इंची चाकात तो ४०० मिमी धरा. १२ मिमीच्या टूलचं केंद्र ३८८ मिमीच फिरतं. म्हणजे हास व्हीएफ-२ सारख्या, ७६२ × ४०६ × ५०८ मिमी प्रवासाच्या मशीनवरही ते कागदावर बसतं. पण चाक नुसतं कापलं जात नाही, टेबलाबरोबर मागेपुढे सरकतंही. टेबल पूर्ण मागे गेलं की चाकाची मागची कड स्पिंडलच्या केंद्रापासून १९४ अधिक २३०, म्हणजे ४२४ मिमीवर पोचते. स्पिंडलपासून कॉलमपर्यंतचं अंतर त्याहून जास्त हवं, आणि कॉलमच्या अंगावरचं पत्र्याचं आवरण त्यातून वजा. हा आकडा माहितीपत्रकात पहिल्या पानावर नसतो. मागून घ्यावा लागतो. २१ इंचीला हेच अंतर २४४ अधिक २८१, म्हणजे ५२५ होतं. पुढच्या बाजूला दाराशीही हाच हिशेब लागू आहे.

टेबलावर आडवं झोपवलेलं रोटरी टेबल यातून अर्धी सुटका करतं. पाच स्पोकचं चाक ७२ अंशांनी फिरवत एकेक पाकळी स्पिंडलसमोर आणायची. पाकळी एक्सच्या दिशेने ठेवली तर वायमध्ये तिची रुंदी तेवढी लागते: २०० त्रिज्येवर साधारण २३५ मिमी. प्रोग्रॅमही एका पाकळीचाच बनतो. ३० इंची चाकालाही या पद्धतीने वाय प्रवास ४३० पुरतो, पण कॉलमचा हिशेब सुटत नाही: २१५ अधिक ३९५, म्हणजे ६१० मिमी. प्रवास पुरतोय म्हणून निर्धास्त होऊन मशीन घेतलेले लोक नेमके इथे अडकतात. २६ आणि ३० इंची चाकं नियमित करायची असतील तर वाय ६६० (व्हीएफ-५ च्या मापाचं) किंवा ८१३ (व्हीएफ-६ च्या मापाचं) या वर्गातलंच मशीन बघा. रोटरीची इंडेक्स चूक १० सेकंद-कोन असली तर २३० त्रिज्येवर ती ०.०११ मिमी होते. स्पोकसाठी हे पुरेसं आहे. मात्र तिचा ब्रेक दमदार हवा, कारण कापण्याचा जोर केंद्रापासून लांब पडतो.

रोटरी घेतली की झेड खाल्ला जातो. बेरीज करून बघा: रोटरीची उंची २००, फिक्स्चर प्लेट ४०, चाक १६५, होल्डरसकट टूल १८०, वर सुटं अंतर २५. एकूण ६१०. झेड प्रवास ५०८ आणि स्पिंडल पूर्ण खाली आल्यावर टेबलापासून १०० वर, असं मशीन असेल तर वरची मर्यादा ६०८. दोन मिलिमीटरसाठी चाक बसत नाही. ६३५ झेडच्या मशीनवर हाच जॉब आरामात फिरतो. शिवाय टूल बदलताना यांत्रिक हाताचं (आर्मचं) चेंजर टूल खाली ओढून मग फिरवतं, त्या वेळी रिमची वरची कड वाटेत येऊ शकते. पोस्टमध्ये (संगणकावरचं काम मशीनच्या प्रोग्रॅममध्ये बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) प्रत्येक एम६ च्या, म्हणजे टूल बदलण्याच्या आज्ञेच्या, आधी टेबल सुरक्षित जागी नेण्याची ओळ घालून घ्या.

स्पिंडल बीटी-४० टेपरचा, १२,००० आरपीएमचा हवा. १५,००० मिळाला तर फिनिशिंगला उपयोग होतो. १२ मिमीचं तीन धारांचं टूल १२,००० वर ४५२ मीटर प्रति मिनिट वेगाने कापतं. धारेला ०.१ मिमी धरून फीड ३६०० येते. खोली १२, रुंदी ६ घेतली तर मिनिटाला जवळपास २६० घन सेंमी धातू निघतो, आणि लागते जेमतेम ३.५ किलोवॅट ताकद. २० मिमीच्या टूलने खोली १५, रुंदी १२, फीड ५४०० केली की ९७० घन सेंमी निघतो आणि १३ किलोवॅट लागतात. ब्लँक प्लेटचा असेल तर ही दुसरी ओळ तुमच्या कामाची, फोर्जिंग असेल तर पहिली पुरते. आणि वरचा लेथचा आकडा आठवा: तोच ९६० घन सेंमीचा दर लेथ एका इन्सर्टने देतं. जे जे लेथवर निघू शकतं ते व्हीएमसीकडे पाठवू नका.

रुंद मागच्या चाकात खिसा खोल असतो आणि टूल ९०-१०० मिमी बाहेर काढावं लागतं. १२ च्या टूलला ही व्यासाच्या आठपट लांबी झाली. टूलचं वाकणं लांबीच्या घनाने वाढतं आणि व्यासाच्या चौथ्या घाताने कमी होतं, म्हणून तेवढ्याच लांबीचं १६ चं टूल १२ पेक्षा तिपटीहून ताठ असतं. ही ताठरता मशीन बदलून मिळत नाही, डिझाइन बदलून मिळते: खिशाच्या कोपऱ्याची त्रिज्या ५ ऐवजी ९ द्या. कोपऱ्याची त्रिज्या टूलच्या त्रिज्येएवढीच ठेवली तर टूल कोपऱ्यात घेराने चिकटतं आणि किंचाळतं. १६ च्या टूलला ८ नको, ९ हवी ती याचसाठी. लांब टूलसाठी कोलेटपेक्षा श्रिंक-फिट किंवा हायड्रॉलिक होल्डर वापरा. शेवटच्या पासला स्पोक पातळ झालेले असतात आणि घंटेसारखे वाजतात. खालून आधार देणारी फिक्स्चरची पॅड आणि रिमभोवती ताणून बसवलेला रबरी पट्टा, या दोन गोष्टींनी तो आवाज आणि त्याबरोबर उमटणारी लहर बरीच बसते.

पाचवा अक्ष कधी? स्पोकच्या पोटाखालून कापायचं असेल, किंवा स्पोक पिळलेले असतील आणि छोटं टूल तिरकं घालून जवळून कापायचं असेल, तेव्हा. व्हॉल्व्हच्या तिरक्या भोकासाठी पाच अक्ष लागत नाहीत. ८.३ किंवा ११.३ मिमीचं ते एक भोक, रोटरी उभी करून किंवा कोनाच्या फिक्स्चरवर होतं.

लाकडासाठी बनलेलं मोठ्या गाळ्याचं राउटर मशीन कमी पैशांत मोठा एक्स-वाय देतं, त्यामुळे त्याचा विषय निघतोच. झेड प्रवास दीड-दोनशे मिमी, गॅन्ट्रीखाली जागा कमी, ताठरता तुटपुंजी, कुलंटची सोय नाही. चाकासाठी ते घेऊ नका.

कंट्रोल, चिप्स, कुलंट

नक्षीदार, गोलाईच्या स्पोकचा फिनिशिंग प्रोग्रॅम बारीक सरळ रेषांचा बनलेला असतो. बिंदू ०.२ मिमी अंतरावर आणि फीड ४००० असेल तर कंट्रोलला सेकंदाला ३३३ ओळी वाचाव्या लागतात, एका ओळीला ३ मिलिसेकंद. जुना कंट्रोल इथे अडखळतो, फीड आपोआप पडते, स्पोकवर बारीक खवले दिसतात आणि पॉलिशला वेळ दुप्पट जातो. फॅनुक ०आय असेल तर एआयसीसी (पुढच्या ओळी आधीच वाचून वेग सांभाळणारा) पर्याय चालू आहे का ते जी५.१ क्यू१ देऊन बघा. बाकी कंट्रोलवर हायस्पीड मशिनिंगचा पर्याय विचारा. प्रोग्रॅम २० एमबीचा असू शकतो, तेव्हा डेटा सर्व्हर किंवा कार्डवरून चालवायची सोय हवी.

याचा वेळेवर परिणाम किती? १२ मिमीच्या बॉल टूलने ०.३ मिमी पाऊल ठेवलं तर मधला उंचवटा २ मायक्रॉनही राहत नाही, ०.५ ठेवलं तर ५ मायक्रॉन. दीड लाख चौरस मिमी पृष्ठभागावर ०.३ ने ४००० फीडला १२५ मिनिटं जातात, ०.५ ने ७५. नंतर पॉलिश होणारच असेल तर ०.५ पुरे. मशीनचा कापलेला पृष्ठभागच तसाच दिसणार असेल तर ०.३.

चिप्सचा विचार उशिरा केला तर मशीन दर तासाला थांबवून फावड्याने उपसावं लागतं. २६ लिटर घन धातूच्या मोकळ्या चिप्स दहापट जागा सहज घेतात. कन्व्हेयर पर्याय म्हणून ठेवू नका, तो मशीनबरोबरच घ्या. स्पिंडलमधून कुलंट किंवा निदान हवेचा झोत हवा, नाहीतर खिशाच्या तळात चिप्स पुन्हा कापल्या जाऊन टूल भरतं आणि मोडतं. कुलंट ८ ते १० टक्के ठेवा, आणि त्याचा पीएच ९.५ च्या वर गेला तर ॲल्युमिनियम काळवंडतं.

अचूकता किती हवी

मशीनची अचूकता बेअरिंगवरून ठरवा. ६२०४ बेअरिंगचा बाहेरचा व्यास ४७ मिमी. चाकात बाहेरची रिंग फिरते, म्हणून ती हबमध्ये घट्ट हवी. एन७ हा मापाच्या सवलतीचा वर्ग धरला तर बोअर ४७ पेक्षा ८ ते ३३ मायक्रॉन लहान. पण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट पसरतं. हब ५० अंशांनी तापला तर ४७ व्यासावर साधारण २६ मायक्रॉनचा घट्टपणा निघून जातो. एन७ च्या ढिल्या टोकाला असलेलं बोअर तेव्हा सुटं होतं आणि रिंग हबमध्ये फिरून तो खाते. म्हणून बोअर एन७ च्या घट्ट अर्ध्यात किंवा त्याहून घट्ट पी७ वर्गात ठेवा, आणि लेथ बोअर दहा-बारा मायक्रॉनच्या पट्ट्यात दिवसभर धरतं का हे बघा, सकाळी थंड असताना आणि दुपारी तापल्यावरही. दोन बेअरिंगमधला स्पेसर खांद्यांच्या अंतरापेक्षा ०.१ मिमी लांब असू द्या. आखूड राहिला तर ॲक्सल आवळल्यावर बेअरिंग आडव्या दाबाने मरतात. डिस्कच्या तोंडाचा रनआऊट (फिरताना होणारी डगमग) ०.०५ मिमीच्या आत हवा. आणि चाक विकायचं असेल तर ते आयएसओ ८६४४ सारख्या हलक्या धातूच्या मोटारसायकल चाकांच्या चाचण्यांतून न्यायला हवं. मशीनवर अचूक निघालं म्हणजे मजबूत निघालं असं होत नाही.

जुनं मशीन घेत असाल तर व्हीएमसीवर बॉलबार चाचणी (मशीन वर्तुळ किती अचूक फिरतं ते मोजणारी) मागा, स्पिंडलमध्ये टेस्ट बार लावून तोंडाशी आणि ३०० मिमी खाली रनआऊट बघा, ड्रॉबारची (टूल होल्डर स्पिंडलमध्ये धरून ठेवणाऱ्या दांड्याची) ओढ मोजा. लेथवर चक काढून स्पिंडलच्या नाकाला डायल लावा. दाराची मोकळी रुंदीही टेपने मोजा. टेबलावर बसणारं ३० इंची चाक दारातून आत जात नाही असंही होतं.

नवं असो वा जुनं, पैसे देण्याआधी स्वतःचा ब्लँक आणि फिक्स्चर घेऊन जा आणि एक चाचणी कापून घ्या. लेथवर बैठक आणि बोअर एका पकडीत, मग व्हीएमसीवर एक खिसा पूर्ण खोलीपर्यंत. क्लॅम्प सोडून जॉब रात्रभर तसाच ठेवा. सकाळी बोअरमध्ये मँड्रेल घालून बैठकीवर डायल फिरवा आणि आदल्या संध्याकाळचा आकडा शेजारी लिहा. सुई तीनदा चढली तर पकड सुधारा. दोनदा चढली तर माल बदला. एकदाच चढली तर बैठक आणि बोअर एका अक्षावर नाहीत. ब्लँक पकडीत हलला नसल्याची खात्री करा, आणि तरीही तसंच आलं तर ते लेथ घेऊ नका.